दाणा, काटा आणि सौदा : कौशल्यवृक्षाची आखणी

आपल्या व्यापारी समाजात हिशेब लिहून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. रोजकीर्द आहे, खतावणी आहे, जमाखर्च पैपर्यंत जुळविला जातो. परंतु हा हिशेब लिहिणारा, दाणा पारखणारा, सौदा ठरविणारा माणूस कोणत्या क्रमाने तयार होतो, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत सापडावयाची नाही. "पोराला पेढीवर बसवा, आपोआप शिकेल," एवढाच आपला अभ्यासक्रम.

हा अभ्यासक्रम टाकाऊ होता असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या पिढीतील बहुतेक मंडळी त्यातूनच निघाली. मात्र त्यास मुबलक वेळ लागत असे, आणि वडिलांच्या मागे दहा-दहा वर्षे बसून राहणारी मुले आता नाहीत. बी. कॉम. होऊन आलेला मुलगा वर्षभर पेढीवर बसतो. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे त्याला कोणी सांगत नाही, त्याचे त्याला कळत नाही, आणि एके दिवशी तो पुण्याची किंवा बंगळूरची वाट धरतो. इकडे जुने दिवाणजी थकत चालले आहेत. त्यांच्या बोटांत जे आहे ते त्यांच्याबरोबरच जाणार अशी चिन्हे दिसतात. बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक धान्याचा व्यवहार करीत असता ही काळजी गेली काही वर्षे आमच्या मनात घर करून आहे.

या काळजीवरचा एक उपाय आम्हांस जेथे सापडला ते ठिकाण ऐकून काही वडीलधारी मंडळी हसतील. तो सापडला मुलांच्या संगणकावरील खेळांत. त्या खेळांत 'स्किल ट्री' नावाची एक रचना असते. आम्ही तिला कौशल्यवृक्ष म्हणतो. खेळणाऱ्याने अंगी आणावयाची कौशल्ये लहान लहान घरांत मांडलेली असतात आणि ती घरे रेघांनी जोडलेली असतात. खालचे घर हाती आल्याशिवाय वरचे उघडत नाही. एका घरातून दोन-तीन फांद्या फुटतात, त्यांपैकी कोणती धरावयाची ते खेळणाऱ्याने ठरवावयाचे. सारा नकाशा प्रथमपासून डोळ्यांसमोर असतो. आपण कोठे आहोत, पुढे काय आहे आणि त्यासाठी काय कमी पडते, हे मुलाला कोणास न विचारता दिसते.

ही कल्पना पुष्कळ फिरून आलेली आहे. फ्रान्सिस ट्रेशॅम यांचा 'सिव्हिलायझेशन' नावाचा पटावरील खेळ १९८० साली निघाला. त्यात एक विद्या घेतली की तिच्या नात्यातील पुढच्या विद्येच्या किमतीत सवलत मिळे. सिड मायर यांनी त्याच नावाचा संगणकावरील खेळ १९९१ मध्ये आणला. त्यात लिपी आल्यावाचून लेखन मिळत नाही, आणि कांस्यकाम आल्यावाचून नाणे पाडता येत नाही. पुढे २००० सालच्या 'डायब्लो' खेळाच्या दुसऱ्या भागात प्रत्येक पात्राला तीन-तीन वृक्ष दिले होते. एकेक पायरी चढली की एक गुण मिळावयाचा आणि तो कोणत्यातरी घरात घालावयाचा. घातलेला गुण परत घेण्याची सोय त्यात २०१० पर्यंत नव्हती. भांडवल एका मालात अडकले की दुसरा माल घेता येत नाही, हा आपला रोजचा अनुभव. त्यामुळे हा भाग आम्हांस विशेष पटला.

तथापि खेळातला वृक्ष आणि शिकण्याचा वृक्ष यांत एक मोठा भेद आहे. खेळातील कुलूप खेळ रचणाऱ्याने आपल्या मर्जीने लावलेले असते. तलवारीच्या घरावरून अग्नीच्या घराकडे रेघ ओढली तरी कोणाचे काही बिघडत नाही. शिकण्याच्या वृक्षात मात्र प्रत्येक रेघ म्हणजे एक विधान असते की, अमुक आल्याशिवाय तमुक येणारच नाही. हे विधान खोटे असेल तर मुलगा विनाकारण दाराबाहेर उभा राहतो. आणि जेथे रेघ हवी तेथे ती नसेल तर तो आत जाऊन आपटतो. घरे कोणीही मांडील. रेघा खऱ्या ओढणे हेच या कामातील खरे कसब, असे आमचे मत झाले आहे.

रेघ खरी की खोटी हे पाहण्याची एक रीत रॉबर्ट गान्ये या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडली. ती सोपी आहे. शेवटचे काम समोर ठेवावे आणि विचारावे की, हे काम करण्यासाठी माणसाला आधी काय करता आले पाहिजे. जे उत्तर येईल त्याला पुन्हा तोच प्रश्न घालावा. असे उलट उतरत गेले की आपण मुळाशी पोचतो. पुढे १९६८ मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी दुसरी बाजू मांडली. शाळेत वेळ सर्वांस सारखा मिळतो, त्यामुळे समज कमीजास्त राहते. त्यांचे म्हणणे असे की, समज सर्वांची सारखी ठेवा आणि वेळ कमीजास्त लागू द्या. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगावयाचे तर माप भरेपर्यंत ओतत राहावे, घड्याळाकडे पाहून थांबू नये.

हल्ली मुलांच्या हाती असलेल्या दोन साधनांचा उल्लेख येथे केला पाहिजे. सलमान खान यांच्या खान अकादमीच्या आरंभीच्या काळात गणिताचे प्रकार नकाशावर मांडलेले असत, आणि ओळीने दहा उदाहरणे बरोबर आली तरच पुढचे घर उघडत असे. भाषा शिकविणारे 'ड्युओलिंगो' २०१२ मध्ये सर्वांस खुले झाले. त्याचा वृक्ष तर पुष्कळांनी पाहिलेला असेल. त्यांनी २०२२ मध्ये तो वृक्ष काढून त्या जागी एक सरळ वाट ठेवली. नवख्यास फांद्या निवडता येत नाहीत, तो गोंधळतो, हे खरे. परंतु ज्याला आपण कशासाठी शिकतो हे ठाऊक आहे, त्याच्या हातून फांदी काढून घेणे आम्हांस योग्य वाटत नाही. पेढीवर पहिले सहा महिने सरळ वाट असावी आणि मग फांद्या फुटाव्यात, असा मध्यम मार्ग आम्ही धरला.

आता एक जुनी गोष्ट. पायऱ्यापायऱ्यांनी वर जाण्याचा नकाशा पटावर मांडून शिकविणे ही आपल्याकडे नवी कल्पना नव्हे. ८४ घरांची ज्ञानबाजी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. साप आणि शिड्या यांचा इंग्रजी खेळ या कुळातील पटांवरूनच पुढे निघाला. ज्ञानबाजीत सोंगटी दानावर चालते, म्हणून तो कौशल्यवृक्ष नव्हे. परंतु ज्या चौदा गुणस्थानांचा विचार तिच्या मागे आहे, त्याची रचना पाहिली म्हणजे नवल वाटते. ती नुसती शिडी नाही. आठव्या गुणस्थानापासून तिला दोन वाटा फुटतात, उपशमश्रेणी आणि क्षपकश्रेणी. उपशमश्रेणीने जाणारा मोहाला दाबून वर चढतो, अकराव्यापर्यंत पोचतो आणि तेथून खाली येतोच. क्षपकश्रेणीने जाणारा मोहाचा क्षय करीत जातो. तो दहाव्यावरून थेट बाराव्यावर पोचतो, अकराव्याला स्पर्शही करीत नाही. आणि दुसरे सासादन गुणस्थान तर केवळ वरून पडताना लागते; खालून चढणाऱ्याला ते भेटत नाही. फांद्या, वगळलेले घर आणि परतीच्या वाटेवरच लागणारे घर, हे सारे त्यात आहे.

आत्म्याच्या मार्गाशी धान्याच्या धंद्याची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच म्हणू की, न समजलेली गोष्ट घोकून दाबून टाकणारा विद्यार्थी वरच्या इयत्तेत जाऊन घसरतो, हे प्रत्येक घराने पाहिले आहे.

आता आमच्या पेढीवरील वृक्षाकडे वळू. पहिला नकाशा आमच्या पुतण्याने काढला. माल, हिशेब आणि बाजार असे तीन सरळ खांब, प्रत्येकात दहा-बारा घरे. दिसावयास देखणा होता. दिवाणजींनी चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला आणि विचारले, "सावकार, यात बारदानाची वजावट कोणत्या खांबात आहे?" पुतण्या म्हणाला, "काका, ती हिशेबात." दिवाणजी म्हणाले, "पोते ताग की प्लास्टिक हे मालाकडे पाहिल्याशिवाय कळेल काय?" मुद्दा बिनतोड होता. एका तागाच्या पोत्याचे वजन ५८० ग्रॅम धरले तर शंभर पोत्यांचे बारदान ५८ किलो होते, म्हणजे पन्नास किलोच्या एका भरल्या पोत्याहून अधिक. ही वजावट करण्यासाठी माल ओळखता आला पाहिजे, काटा वाचता आला पाहिजे आणि गुणाकारही आला पाहिजे. म्हणजे या घराला तिन्ही बाजूंनी रेघा येतात. नाव वृक्षाचे असले तरी आकार वडाचा निघाला. वरून पारंब्या उतरून त्यांचीही खोडे होतात, तसा.

मग आम्ही गान्ये यांचा प्रश्न घेऊन वरून खाली आलो. वर ठेवले, 'गाडीतील गव्हाचा भाव सांगणे.' भाव सांगावयाचा तर मालाची प्रत कळली पाहिजे, निव्वळ वजन कळले पाहिजे, हमाली-तोलाईसह खर्च कळला पाहिजे आणि त्या दिवसाचा बाजार ठाऊक पाहिजे. प्रत कळावयाची तर नमुना खरा घेता आला पाहिजे. नमुना म्हणजे समोरच्या पोत्यातील वरची मूठ नव्हे. गाडीच्या पुढून, मधून, मागून पोती निवडावयाची. लोखंडी नळी खुपसून पोत्याच्या वरचा, मधला आणि तळाचा दाणा काढावयाचा. सारे एकत्र कालवून त्यातून लहान वाटा घ्यावयाचा. पहिल्या बैठकीत ७० च्या वर घरे झाली. त्यांतील जी नुसती माहिती होती ती काढून टाकली आणि करून दाखविण्याजोगी ३१ ठेवली. 'गव्हाची माहिती' हे घर होऊ शकत नाही, कारण ते आले की नाही हे कोणी सांगू शकत नाही. 'लोकवन, शरबती आणि खपली हे गहू ताटात वेगळे करून दाखविणे' हे घर होते. (लोकवन हे नाव सौराष्ट्रातील सणोसरा येथील लोकभारतीच्या 'लोक-१' या वाणावरून आले, हे मुलांना सांगितले म्हणजे त्यांना तो गहू अधिक लक्षात राहतो.)

ओलाव्याच्या घरावरून पेढीत दोन दिवस वाद झाला. दिवाणजी दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतात. कट्‌कन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. मूठ पोत्यात घालून गारवाही पाहतात. पुतण्याचे म्हणणे असे की, ओलावामापक यंत्र असताना हे कशाला? सरकारी खरेदीत गव्हाला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा आहे, १४ पर्यंत किंमत कापून घेतात, आणि हे आकडे दाताने कळत नाहीत. दोघेही बरोबर होते. आम्ही क्रम असा ठेवला की, मुलाने प्रथम दाताने व हाताने अंदाज करून आकडा पाटीवर लिहावा, आणि लगेच यंत्रावर पाहावा. यंत्र हे दातांचे गुरुजी झाले. यार्डात उभे राहून भराभर बोली चालू असते तेव्हा यंत्र काढण्यास सवड नसते. तेथे दातच कामास येतो. ओळीने वीस नमुन्यांत अंदाज एका टक्क्याच्या आत आला की घर उघडले, असा नियम केला.

ओलाव्याच्या वर आणखी एक घर आहे, आणि त्यात पदवीधरही अडतात. १४ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल गहू वाळवून १२ टक्क्यांवर आणला तर वजन किती घटेल? बहुतेक जण सांगतात, दोन क्विंटल. वस्तुतः त्यातील कोरडा अंश ८६ क्विंटल आहे. तो आता एकूण वजनाच्या ८८ टक्के व्हावयाचा, म्हणजे माल उरतो ९७ क्विंटल ७३ किलो. घट दोन क्विंटल २७ किलो. २७ किलोचा फरक लहान दिसतो, परंतु हंगामात अशा किती गाड्या उतरतात याचा हिशेब सभासदांस सांगावयास नको.

या वृक्षाचा खरा उपयोग आम्हांस कळला तो मात्र चढणाऱ्या मुलामुळे नव्हे, अडलेल्या मुलामुळे. पेढीवर एक मुलगा होता. आईवडील शेतमजूर, दहावी पास. कचऱ्याची टक्केवारी काढण्याच्या घरात तो तीन आठवडे अडला. गव्हात बाह्य पदार्थ पाऊण टक्क्याच्या आत असावा, हा सरकारी खरेदीचा दंडक. पाचशे ग्रॅम नमुन्यात म्हणजे पावणेचार ग्रॅम. मुलगा साडेसदतीस ग्रॅम लिही, आणि खडे-मातीने भरलेला माल चांगला म्हणून सांगे. "याला नजर नाही," असे पेढीवर सर्वांचे मत पडले, आणि त्याला हमालीच्या कामावर पाठवावे असे ठरत होते. पुतण्याने वृक्षावर बोट ठेवून त्या घरात येणाऱ्या तीन रेघा दाखविल्या. नमुना घेणे त्याला येत होते. खडे, माती, काडी वेगळी काढणे तर त्याला इतरांहून चांगले येत होते, शेतातला मुलगा. राहिली तिसरी रेघ, दशांश अपूर्णांक. त्याला ०.७५ हे ७.५ वाटत होते. शाळेने त्याला पास केले होते, पण हे घर रिकामेच राहिले होते. रोज दुपारी अर्धा तास याप्रमाणे नऊ दिवसांत ते भरले. आज तो मुलगा आमच्याकडे उतरणाऱ्या मालाचा नमुना एकटा पाहतो.

काही गोष्टी आम्ही जाणूनबुजून वृक्षात घेतल्या नाहीत. गुण, नाणी, बक्षिसे ठेवली नाहीत. रोजची साखळी तुटू नये म्हणून मोबाईलवर दोन मिनिटे बोट फिरविणारी माणसे आम्ही पाहतो. साखळी शाबूत राहते, भाषा येत नाही. तसेच सचोटीचे घर केले नाही. एका स्नेह्याने सुचविले होते की, सर्वांत वर 'प्रामाणिक व्यवहार' असे घर असावे. वर ठेवले तर खालच्या तीस घरांत ते नको, असा अर्थ होईल, म्हणून आम्ही ते नाकारले. उधारी कोणास द्यावी, हेही घर नाही. ते शिकविता येत नाही असे नव्हे, परंतु त्याची परीक्षा घ्यावयास तीन-चार वर्षे आणि बराच पैसा लागतो.

विसरण्याचा विचार मात्र केला. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले आरंभीच झपाट्याने विसरते आणि मग हळूहळू. ड्युओलिंगोच्या जुन्या वृक्षातही शिकलेले घर काही दिवसांनी फिके पडत असे. आमच्या धंद्यात तर माल हंगामी. रब्बी ज्वारी उन्हाळ्याच्या तोंडी येते. त्या वेळी मालदांडीची पारख शिकलेला मुलगा पुढच्या वर्षापर्यंत विसरलेला असतो. म्हणून भरलेल्या घरावर आम्ही तारीख टाकतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतो. त्यासाठी काचेच्या बरण्यांत नमुने ठेवले आहेत. चिठ्ठी बरणीच्या तळाशी, वरून दिसत नाही.

एकट्याने शिकणाऱ्यासही हीच रीत चालते. आमच्या आजोबांच्या मोडीतील वह्या घरात पडून होत्या, त्या वाचण्याची इच्छा आम्हांस साठीनंतर झाली. मोडीची पुस्तके अ, आ पासून शिकवितात. आम्ही उलट्या टोकाने विचारले की, खतावणीचे एक पान वाचण्यास काय लागते? उत्तर आले, आधी आकडे. मग पाव, अर्धा, पाऊण यांच्या उभ्या रेघा आणि रुपये-आण्यांच्या खुणा. मग मण, शेर, पायली. मग महिन्यांची व धान्यांची नावे. आणि मग अक्षरे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत बहुधा पाळत नाहीत, ते ओझे आपोआप कमी झाले. दोन महिन्यांत आजोबांची ज्वारीची खरेदी आम्हांस वाचता येऊ लागली. पत्रे अजून वाचता येत नाहीत. ती निराळी फांदी आहे.

ज्या सभासदांस आपल्या पेढीसाठी असा नकाशा करावयाचा असेल त्यांना एवढे सांगू की, आमचा उतरून घेऊन उपयोग नाही. कापडाच्या, भुसाराच्या, सराफीच्या रेघा निराळ्या. आपल्या पेढीवरील सर्वांत जुना आणि सर्वांत नवा माणूस एका बाकावर बसवावा. जुना सांगेल काय यावे लागते, नवा सांगेल कोठे अडते. आठ दिवस लागतात, आणि एक मोठा कागद.

आमचा कागद काट्याजवळच्या भिंतीवर लावला आहे. त्यातील तीस घरांची परीक्षा कशी घ्यावी हे ठरले आहे. एकतिसावे, पावसात भिजून पुन्हा वाळविलेली ज्वारी वासावरून ओळखण्याचे. ती दिवाणजींना ओळखता येते, इतर कोणास नाही, आणि ते कसे ओळखतात हे त्यांनाही सांगता येत नाही. दिवाळीनंतर ते कामावरून निवृत्त होत आहेत. तोपर्यंत रोज सकाळी दोन मुले त्यांच्या शेजारी बसून, डोळे मिटून, सहा बरण्या हुंगतात आणि प्रत्येकाने काय सांगितले ते वहीत लिहून ठेवतात.